हरिभाऊंच्या नाकाचं व्रत

हरिभाऊंचा टेम्पो गवताच्या ढिगात शिरला, याचं डॉक्टरांना फारसं नवल वाटलं नाही. शिरल्यावरही हरिभाऊंना जाग आली नाही, याचं वाटलं.

झालं ते असं. मसोलीचे हरिश्चंद्र, म्हणजे साऱ्या गावाचे हरिभाऊ, वेवजीच्या वाडीतले चिकू भरून सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, घरी यायला निघाले. तलासरीच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळला. हरिभाऊ वळले नाहीत. टेम्पो सरळ चालत राहिला आणि वखारीबाहेर रचलेल्या सुट्या गवताच्या ढिगात दाराच्या कडीपर्यंत रुतून बसला. वखारीतली माणसं धावली. गवताच्या आतून घरघर ऐकू येत होती. इंजिन चालू आहे म्हणून हाल्या नावाच्या हमालाने खिडकीतून हात घालून चावी बंद केली. तरी घरघर चालूच. मग त्याने दार ओढून उघडलं, आत डोकावला आणि बाकीच्यांना म्हणाला, "इंजिन नाय रे. शेठ घोरतोय."

हरिभाऊंना खरचटलंसुद्धा नाही. अर्धा टेम्पो चिकूंचं मात्र जागच्या जागी शिकरण झालं.

त्या संध्याकाळी मुलाने, जतीनने, टेम्पोची चावी आईच्या हातात ठेवली. "आई, ही तू ठेव. माझ्याकडे ठेवली तर पप्पा आवाज चढवून घेतील. तुझ्याकडे मागायला त्यांना देव्हाऱ्यासमोर यावं लागेल."

हिरकणीबाईंनी चावी अन्नपूर्णेच्या मागे ठेवली. त्यावरून नवरा-मुलाचं भांडण जुंपलं, ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. गवताच्या ढिगाच्या जागी समोरून येणारा ट्रक असता तर?

हिरकणीबाईंचं आणि देवाचं जुनं जमायचं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी पांडुरंगाची तुळस. रविवार तेवढा नवऱ्याचा, त्या दिवशी घरात सुरमई. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी जे काही उपास धरले, त्यांतले बहुतेक ह्या एका माणसाच्या आयुष्यासाठी. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर त्यांनी तळहातावर पाणी घेतलं आणि नवा संकल्प सोडला: एकशे आठ दिवस दुपारी एक ते पाच मौन. अगदीच नडलं तर खूण चालेल, पण लिहायचं नाही. लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच, असं त्यांच्या पोथी सांगणाऱ्या गुरुजींचं मत होतं.

"एक ते पाच मी घरीच नसतो," हरिभाऊ म्हणाले. "मी असताना गप्प बसायचं व्रत कर की एखादं!"

वापीच्या डॉक्टरीणबाईंनी हरिभाऊंच्या झोपेची तपासणी केली. तारा लावून एक रात्र झोपवलं. सकाळी कागद निघाला. झोपेत घसा मिटतो आणि तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो. म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही, आणि मग दिवसा टेम्पोत होते.

एक्केचाळीस हा आकडा हिरकणीबाईंच्या काळजात रुतला. अंथरुणावर त्या कितीदा जाग्या होत्या, आणि ह्यांचं घोरणं थांबलेलं ऐकून "बरं झालं, शांत झाले" म्हणून कूस बदलून झोपल्या होत्या. शांत झाले म्हणजे काय झाले होते, ते आता कळलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "यंत्र देते. रात्री नाकावर मास्क लावायचा, यंत्र हवा ढकलतं, घसा मिटत नाही. तीस दिवसांतले निदान एकवीस दिवस चार-चार तास झाले पाहिजेत. यंत्रातल्या कार्डावर सगळी नोंद होते. एकवीस भरले आणि श्वास सुधारला, तर गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून देईन. नाही भरले तर काका, टेम्पो विसरा."

टेम्पो विसरा म्हणजे हरिभाऊंना 'हात विसरा' म्हटल्यासारखं होतं. रोज वेवजीला जायचं, जाताना चार ठिकाणी थांबून चार माणसांना नावं ठेवायची, वेवजीत राहणाऱ्या बहिणीकडे, नवशीकडे, चहा प्यायचा आणि येताना तीच चार माणसं कुठपर्यंत सुधारली ते बघायचं, हा त्यांचा नित्यनेम. आता टेम्पोवर भाड्याचा ड्रायव्हर आला. हरिभाऊ शेजारच्या सीटवर बसून त्याला ब्रेक कधी मारायचा ते सांगत आणि दोन मिनिटांत त्याच्याच खांद्यावर डोकं टाकून घोरत.

यंत्र घेऊन जिग्नेश आला. कंपनीचा माणूस, उंबरगावचा. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायचा आणि परत यायचा.

"काका, एकदम इझी आहे ने! आ नाकावर ठेवायचं, आ पट्टा मागे, आ पाईप. मोढुं, म्हणजे तोंड, बंद ठेवायचं. बस. सवारे इथे स्क्रीनवर हसता चेहरा आला तर पास, रडता आला तर नापास. मशीनचा दिवस दुपारी बाराला चालू, दुसऱ्या दिवशी बाराला बंद. दिवसा झोपले तरी चालते, चार तास व्हायला पाहिजे."

पहिल्या रात्री हरिभाऊ मास्क लावून, नाकापासून पाईप लोंबता ठेवून पलंगावर मांडी घालून बसले. हिरकणीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या, आणि समोर सोंड आणि पोट एकदम दिसताच त्यांचे हात आपोआप जोडले गेले. तांब्या पडला.

"कुणाच्या पाया पडतेस?" सोंडेतून आवाज आला. तोंड उघडल्याबरोबर नाकातून गेलेली हवा ओठांतून फुर्र करून बाहेर आली, गाल फडफडले आणि मिशा उभ्या राहिल्या. हिरकणीबाईंना हसू आवरेना. देवाच्या नावाने आवरलं.

पुढचे आठ-नऊ दिवस घरात नुसता तमाशा. पट्टा घट्ट केला की नाकावर वळ, सैल केला की मिशीतून शिट्टी. हरिभाऊ म्हणत, "अगं, चालत्या रेल्वेच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून झोपायला सांगतेय ती बाई!" एकदा पाईप गळ्याभोवती गुंडाळला गेला तेव्हा ते झोपेत "साप! साप!" म्हणून ओरडले आणि जतीन काठी घेऊन धावत आला. यंत्राच्या डबीत उकळून गार केलेलं, क्षार नसलेलं पाणी घालायचं होतं. हिरकणीबाईंनी श्रद्धेने तुळशीचं तीर्थ घातलं. सकाळी हरिभाऊंना सतरा शिंका आल्या. डबी धुवायला आलेल्या जिग्नेशने आतून तुळशीचं पान काढलं आणि हात जोडून म्हणाला, "मासी, आ मशीन छे, देव नथी."

काहीही करा, पाऊण तासात मास्क उशीखाली आणि हरिभाऊंचं घोरणं छताला. रोज सकाळी काकड आरती झाली की हिरकणीबाई यंत्राच्या पडद्याकडे बघत. रडका चेहरा. नऊ दिवस, नऊ रडके चेहरे.

दहाव्या दिवशी त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. तिसातले नऊ गेले. उरले एकवीस. म्हणजे आता एकही दिवस चुकता कामा नये.

"अहो, आजपासून रोज चार तास. एक जरी दिवस चुकला तरी संपलं."

"मग संपलंच," हरिभाऊ म्हणाले. "माझ्याच्याने व्हायचं नाही. मी आयुष्यात कधी एक एकादशी धरली का? तुझ्या नवऱ्यात व्रताचं हाडच नाही, हिरा."

ते सहज बोलून वाडीत गेले. हिरकणीबाईंच्या मनात मात्र ते वाक्य घंटेसारखं वाजत राहिलं. खरंच, ह्यांनी कधी काय धरलं? ह्यांचे सगळे उपास आपण धरले. ह्यांच्या साडेसातीचे शनिवार आपण केले. ह्यांना मुतखडा झाला तेव्हा सोळा सोमवार कुणी केले? आणि खडा पडलाच की! गुरुजी नेहमी सांगत, नवऱ्यासाठी बायकोने केलेलं व्रत नवऱ्याला पोचतं.

एक वाजला. सून मयुरा शाळेत शिकवायला गेलेली, जतीन कामावर, हे वाडीत. हिरकणीबाईंनी देवाला दिवा लावला, तळहातावर पाणी घेतलं, 'यजमानांच्या श्वासासाठी' म्हणून संकल्प सोडला, मौन धरलं, आणि नवऱ्याचा मास्क स्वतःच्या नाकावर चढवला.

पहिली दहा मिनिटं जीव घाबरला. मग त्यांना युक्ती सापडली. यंत्राशी झगडायचं नाही; श्वास आत येतो तेव्हा 'श्री', बाहेर जातो तेव्हा 'राम'. पट्टा दोन घरं सैल केला, तर शिट्टी उलट थांबली. पाईप छातीवर पडत होता, तो मच्छरदाणीच्या खुंटीला सुतळीने वर टांगला. माळ फिरत राहिली. तिसऱ्या माळेला डोळा लागला तो पाचच्या सुमारास उघडला. इतकी गोड झोप त्यांना माहेर सुटल्यापासून लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र हसलं.

"बघ!" हरिभाऊंनी मिशीवर हात फिरवला. "मी काल पस्तीस मिनिटंच घातला, तरी पास. अगं, माणसाच्या फुप्फुसात दम असला की यंत्राला कमी वेळ पुरतो."

हिरकणीबाईंनी यंत्राची डबी धुवायला घेतली. खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या, आणि हे खोटं होतं असंही त्यांना वाटत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण घरात कुणी असायचं ते पाचनंतर, आणि पाचनंतर कुणी विचारत नव्हतं.

विचारलं ते फक्त सोनीबाईने. ती आगर गावची मासेवाली. दुपारी उरलेसुरले बोंबील घेऊन मागच्या दाराने यायची. एके दिवशी तिने खिडकीतून डोकावलं आणि टोपली तिथेच टाकली.

"बाय गो! वहिनी! ह्ये काय झाला तुला?"

हिरकणीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे मास्कच्या खाली. मग माळ दाखवली, देव्हारा दाखवला.

सोनीबाईच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अस्सं! नवीन व्रत हाय होय? सोंड लावून?... गणपतीचं!" तिने आत येऊन पाईपला हात लावून नमस्कार केला. "कितवा दिवस? मीठ चालतं का यात?"

हिरकणीबाईंनी दोन्ही हात हलवून 'नाही नाही' केलं.

"मीठ नाय? कडक हाय म्हणजे. वहिनी, उद्यापन झालं की ती सोंड मला दे हां. आमच्या धन्याची दारू काय केल्या सुटत नाय." असं म्हणून तिने यंत्रापुढे पाच बोंबील ठेवले, मग गणपतीला बोंबील चालणार नाहीत हे आठवून उचलले, आणि पाऊल न वाजवता निघून गेली.

दिवस जात होते, चेहरे हसत होते, आणि हरिभाऊ उपदेशक होत चालले होते. नाक्यावर ते लोकांना सांगत, "यंत्राला काय घाबरायचं? मनोनिग्रह पाहिजे." आणि मनोनिग्रह ह्या शब्दावरच त्यांचे डोळे मिटत. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत असे झोपले की न्हाव्याने दुसरी दोन गिऱ्हाईकं बाकावर बसवून करून घेतली. एकदा चिकू निवडताना, हातात चिकू धरून, उभ्याने झोपले.

हिरकणीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. व्रत चालू आहे, मग फळ कुठे आहे? फळ पोचायला वेळ लागत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सोळा सोमवारांचं तरी पहिल्या सोमवारी कुठे पोचलं होतं? पण रात्री अंधारात त्या पडून राहत आणि ऐकत. घोरणं चढत जायचं, चढत जायचं, आणि तुटायचं. मग त्या मोजत. श्रीराम एक, श्रीराम दोन. अकरा, बारा, तेरा. आणि मग एक मोठा आचका. हवा पुन्हा आत. एके रात्री मोजणी एकोणीसवर गेली. त्या रात्री त्या बसूनच राहिल्या. उद्या ह्यांना सगळं सांगायचं, असं ठरलं. सकाळी यंत्र हसलं, हे हसले, जतीन हसला, आणि सांगायचं राहिलं. शेवटी त्यांनी ठरवलं, वापीला डॉक्टरीणबाईंच्या समोरच सांगू. त्या शिकलेल्या आहेत, रागावल्या तरी नीट रागावतील.

पण वापीची वेळ मिळाली दुपारी दोनची.

हिरकणीबाईंना हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. एक वाजता गाडी तलासरीच्या पुढे होती. मौनाचे चाळीस दिवस पुरे झाले होते, हा एक्केचाळिसावा. एकला दोन मिनिटं असताना त्यांनी "अहो, ऐका" एवढं म्हटलं. हरिभाऊ मागच्या सीटवर मान टाकून घोरत होते. गाडी चालवणारा जतीन म्हणाला, "झोपू दे आई, उद्यापासून टेम्पो चालवायचाय त्यांना!" आणि एक वाजला.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड संगणकात घातलं. पहिलं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा यंत्रासारखा हसला.

"वा, काका! पहिले नऊ दिवस नापास, आणि मग एकवीसच्या एकवीस दिवस चार तासांच्या वर. एकही खाडा नाही! आणि श्वास थांबणं? एक्केचाळीसवरून एक! पेशंटांना दाखवायला तुमचा कागद भिंतीवर लावला पाहिजे."

"मनोनिग्रह," हरिभाऊ म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पॅड पुढे ओढलं. "वाहन चालवण्यास हरकत नाही" असं लिहायला सुरुवात केली.

हिरकणीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला, मग छातीला, मग चार बोटं वर केली.

"काय म्हणतात ह्या?" डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं.

"मौन आहे तिचं," हरिभाऊ म्हणाले. "नवस सांगतेय. नाक... देवीला नथ घालीन म्हणते. होय ना गं?"

हिरकणीबाईंनी जोरजोरात मान हलवली, पुन्हा नाक, पुन्हा छाती, पुन्हा चार बोटं, आणि दोन्ही हात कानाशी नेऊन झोपेची खूण.

"चार नथी?" जतीन म्हणाला.

"चार किलो पेढे असतील," हरिभाऊ म्हणाले. "झोपलेल्या मारुतीला. वाटेत आहे एक. लिहा हो डॉक्टर, तुम्ही लिहा. देवाचं आम्ही बघतो."

पेन पुन्हा कागदावर टेकलं. 'हरकत'पर्यंत आलं. हिरकणीबाईंना समोर कागद दिसेना; रस्ता दिसला, डावीकडे वळणारा, आणि सरळ जाणारा टेम्पो. चाळीस दिवसांच्या मौनाचं पुण्य एका बाजूला होतं आणि हा माणूस दुसऱ्या बाजूला. ज्याच्यासाठी मौन धरलं, तोच जायचा असला तर गप्प बसायचं कुणासाठी?

"थांबा," त्या म्हणाल्या.

आवाज इतका खरखरीत निघाला की तिघंही दचकली.

"ते चार तास ह्यांचे नाहीत. माझे आहेत."

"म्हणजे?"

"मास्क मी घालते. रोज दुपारी एक ते पाच."

डॉक्टरीणबाईंनी घाईने पुढची पानं उघडली, चष्मा वर केला, खाली केला. "दुपारी एक ते पाच... खरंच की हो! आणि रात्रीची ही अर्ध्या-अर्ध्या तासाची शेपटं?"

"ती ह्यांची."

"आई!" जतीन म्हणाला.

"म्हणजे भिंतीवर हिचा कागद लागणार?" हरिभाऊ म्हणाले. त्यांना आधी तेवढंच सुचलं.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला कागद फाडला, चार तुकडे केले आणि हिरकणीबाईंकडे वळल्या. रागवायला तोंड उघडलं. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून आवाज खाली आला. "अहो मावशी, नवऱ्याचं औषध बायकोने प्यायलं तर नवरा बरा होतो का?"

"उपास तर पोचतात," हिरकणीबाई हळूच म्हणाल्या.

"उपास पोचत असतील. मीसुद्धा हरतालिका करते. हवा पोचत नाही, मावशी. ज्याचं नाक, त्याचीच हवा."

परतताना हरिभाऊ झोपले नाहीत. रागाने जागे राहिले. भिलाड गेलं, अच्छाड गेलं, तलासरी आली. शेवटी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाक्यावर मी काय तोंड दाखवू आता?"

जतीनने गियर बदलला.

"किती दिवस झाले होते मौनाला?"

"चाळीस."

"कशासाठी होतं ते?"

"तुमचा टेम्पो गवतात गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

हरिभाऊ खिडकीपासून वळले. "आता?"

"मोडलं. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस."

"आणि पाप-बिप काय लागलं असेल त्याचं? प्रायश्चित्त असेल ना काहीतरी?"

मोडलेल्या व्रताला एक दिवसाचा निराहार, हे हिरकणीबाईंना पाठ होतं. त्यांनी ते मनातल्या मनात धरूनही टाकलं. पण तोंडाने म्हणाल्या, "आहे. ज्याच्यामुळे मोडलं, त्याने करायचं. तीस रात्री, मास्क न काढता."

"हे कुठल्या पोथीत आहे?"

"माझ्या."

जतीनने आरशात बघितलं. पप्पा हसतायत की रडतायत ते मिशीमुळे कळेना.

त्या रात्री हरिभाऊंनी गुन्हेगारासारखा मास्क उचलला आणि सवयीप्रमाणे पट्टा करकचून ओढला.

"घट्ट नाही. सैल," हिरकणीबाई म्हणाल्या. "घट्ट केला की वळ पडतो आणि हवाही गळते. दोन घरं मागे घ्या."

"तू कोण गं मला शिकवणारी?"

"एकवीस दिवस घातलाय मी. तुम्ही तेवढ्या दिवसांत सगळे मिळून बारा तास. पाईप असा छातीवर नको, खुंटीवर टांगा. आणि यंत्राशी भांडू नका. ते श्वास देतंय, घ्या. आत येताना श्री, बाहेर जाताना राम."

"मला नाही येत असलं."

"मग चिकूच्या झाडांची नावं घ्या. ती तर येतात ना, बांधापासून?"

ती त्यांना येत होती. हरिभाऊंनी प्रत्येक झाडाला नाव ठेवलेलं होतं, माणसांना ठेवत तसंच. आत येताना एक झाड, बाहेर जाताना पुढचं. पहिल्या रात्री ते नवव्या झाडापर्यंत पोचले आणि दीड तास टिकले. दुसऱ्या रात्री मास्क काढला, हिरकणीबाईंनी उठून काही न बोलता परत घातला, असं तीनदा. तिसऱ्या रात्री सव्वातीन तास. सहाव्या रात्री हिरकणीबाईंनी सवयीने मोजायला घेतलं आणि मोजायला काही सापडेना. श्वास येत होता, जात होता. त्या हात जोडून तशाच बसल्या. मग त्यांनाही झोप लागली.

सातव्या दिवसापासून मात्र एक वेगळंच संकट उभं राहिलं. हरिभाऊ जागे झाले.

जागे म्हणजे पूर्ण जागे. इतकी वर्षं अर्धवट झोपेत काढलेल्या संसाराकडे ते नव्या डोळ्यांनी बघू लागले. आमटीत गूळ कधीपासून घालतेस? ह्या खोलीला हिरवा रंग कुणी दिला? (सहा वर्षांपूर्वी, त्यांच्याच पसंतीने.) मयुरा कुठल्या शाळेत शिकवते? बुधवारचा कुठला देव? टेम्पो हातात नव्हता, नाक्यावर तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि दुपारची झोप तर येईचना. मग एक ते पाच ते हिरकणीबाईंच्या समोर पाटावर येऊन बसत.

"तुझं चालू दे. मी नुसता बसलोय," असं म्हणून ते सुरू होत. ड्रायव्हर गियर कसा चुकीचा टाकतो, सरकारचं काय चुकतं, जतीनच्या लग्नात जिलेबी कशी कमी पडली. हिरकणीबाईंनी डोळे मिटले की म्हणत, "झोपलीस का? ऐकतेयस ना?" मान हलवली की पुढची गोष्ट. मौन हे व्रत इतकं कठीण असतं हे हिरकणीबाईंना आधीच्या चाळीस दिवसांत कळलं नव्हतं.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी पहिल्या पानावर भरवसा ठेवला नाही. सगळी पानं पाहिली, वेळा पाहिल्या, आणि मग हिरकणीबाईंकडे पाहिलं. ह्या खेपेला हिरकणीबाईंनीच सकाळी दहाची वेळ मागून घेतली होती.

"हे सगळं ह्यांचंच?"

"देवाशपथ," हिरकणीबाई म्हणाल्या. "सव्वीस रात्री. चार रात्री अर्धवट, पहिल्या तीन आणि नवशीवन्संकडे मुक्काम होता ती."

डॉक्टरीणबाईंनी 'हरकत नाही' असं पूर्ण लिहिलं आणि खाली सही केली. मास्क आयुष्यभराचा, हेही सांगितलं. हरिभाऊ म्हणाले, "बायको आयुष्यभराची चालते, तर हे काय!"

दुसऱ्या दिवशी साडेबाराला हिरकणीबाईंनी देव्हाऱ्यातून चावी काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"पोचल्यावर फोन करा."

"तुझं मौन असेल तेव्हा."

"तरी करा."

टेम्पो कोपऱ्यावर वळला. नीट वळला. एक वाजला, दार लागलं, माळ हातात आली. किती वर्षांनी घर असं शांत होतं, आणि नेमका आजच जप जमेना. एक माळ झाली ती भलत्याच नावाची झाली असावी. पावणेदोन. दोन. दोनला पाच. त्यांनी फोन मांडीवर घेतला.

दोन वाजून नऊ मिनिटांनी तो वाजला. त्यांनी कानाला लावला आणि ओठ घट्ट मिटले.

"हिरा, मी पोचलो. हूं नको म्हणूस, मोडेल. नुसतं ऐक. वाटेत एकदाही डोळा लागला नाही. तलासरीत तो टायरवाला आहे ना, त्याने दुकानाचं तोंड फिरवलंय, रस्ता कुठे आणि दुकान कुठे! नवशीने दात काढलाय, आता पुढचे दोनच राहिलेत, पण बोलणं कमी नाही. माझ्यावर गेली आहे. चिमणच्या पोराने विहिरीला कठडा बांधला, तो वाकडा बांधला... ऐकतेयस ना? असशीलच. बरं, बाकीचं घरी आल्यावर."

असं म्हणून त्यांनी बाकीचंही सांगायला घेतलं.